कोड आपल्याकडे, बटण त्यांच्याकडे: ॲप्स स्क्रिप्ट न दाखवता वापरायला कशी द्यायची

गूगल शीट शेअर केली की तिच्या पोटातली ॲप्स स्क्रिप्टही (शीटची कामं आपोआप करणारा कोड) गेली. एडिटचा हक्क असलेला कोणीही ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूतून ‘ॲप्स स्क्रिप्ट’ उघडतो आणि तुमचा सगळा कोड त्याच्यासमोर. नुसता बघायचा हक्क दिला तरी सुटका नाही. ‘मेक अ कॉपी’ केलं की शीटबरोबर स्क्रिप्टचीही नक्कल त्याच्या ड्राइव्हमध्ये उतरते, आणि त्या नकलेचा मालक तोच. बघणाऱ्यांचा कॉपी-डाउनलोडचा पर्याय शेअरिंगच्या सेटिंगमधून बंद करता येतो, पण ज्यांना शीटमध्ये आकडे भरायचेत त्यांना एडिटचा हक्क द्यावाच लागतो. तिथे विषय संपतो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी हळदीच्या हिशेबपट्ट्या शीटवर बसवून देते. एका दुकानाला दिलेली शीट पुढच्या हंगामात दुसऱ्याच पेढीवर चालताना पाहिली. वरच्या ओळीतली माझ्या नावाची कॉमेंटसुद्धा कोणी काढायचे कष्ट घेतले नव्हते. गंमत म्हणजे एसएमएस पाठवायची किल्ली पहिल्या दुकानाची होती, त्यामुळे दुसऱ्या पेढीच्या शेतकऱ्यांना मेसेज जात होते आणि बिल पहिल्याला येत होतं. आता मी कोड कुणाच्याच शीटमध्ये ठेवत नाही. तो माझ्याकडे राहतो, माझ्याकडेच चालतो आणि दिवाणजींच्या हातात फक्त बटण असतं. ही मांडणी कशी करायची ते इथे लिहिते आहे. फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते, एडिटरात ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

आधी, ज्या वाटांनी जाऊ नये त्या. पहिली वाट लायब्ररीची. कोड वेगळ्या प्रोजेक्टमध्ये ठेवून शीटला लायब्ररी म्हणून जोडला की लपला, असं बऱ्याच जणांना वाटतं. लपत नाही. लायब्ररी वापरणाऱ्याला त्या प्रोजेक्टचा निदान बघायचा हक्क द्यावाच लागतो, नाहीतर स्क्रिप्ट चालतच नाही. दुसरी वाट कोड पिळून, नावं बदलून अगम्य करण्याची. त्याने पुढच्या वर्षी दुरुस्ती करताना आपलेच डोळे फुटतात, आणि नक्कल करणाऱ्याला कोड कळायची गरजच नसते, त्याला तो फक्त चालवायचा असतो. तिसरी वाट ॲप्स स्क्रिप्टच्या एपीआयमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला हाक मारायच्या सोयीतून, फंक्शन बाहेरून हाकण्याची. तिथे काम वापरणाऱ्याच्या खात्याने चालतं आणि त्यालाही स्क्रिप्टपर्यंत पोचायचा हक्क लागतो. म्हणजे पुन्हा तिथेच.

उरते ती वेब ॲपची वाट, म्हणजे स्क्रिप्टला स्वतःचा वेब पत्ता देऊन ती आपल्याकडेच चालवण्याची. यात वापरणाऱ्याकडून आकडे येतात, आपल्याकडून उत्तर जातं, बाकी काहीच इकडून तिकडे जात नाही. जी गोष्ट वापरणाऱ्याच्या मशीनवर किंवा ड्राइव्हमध्ये पोचलीच नाही, ती तो वाचणार कुठून?

प्रोजेक्ट सुटा हवा

ॲप्स स्क्रिप्टच्या मुख्य पानावर जाऊन ‘न्यू प्रोजेक्ट’ करा. शीटच्या आतून उघडू नका. तसं केलं तर तो त्या शीटला चिकटलेला प्रोजेक्ट होतो आणि वर सांगितलेलं सगळं रामायण परत सुरू. सुट्या प्रोजेक्टमधून शीट उघडायला ‘स्प्रेडशीट-ॲप’चं ‘ओपन-बाय-आयडी’ वापरायचं. ज्या शीटमध्ये पट्ट्यांची नोंद होते ती माझ्या खात्यात असते आणि कुणालाही शेअर केलेली नसते. स्क्रिप्टचा प्रोजेक्टही नाही.

एसएमएसची किल्ली, शीटचा आयडी असल्या गोष्टी कोडमध्ये न लिहिता ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’मध्ये खाली ‘स्क्रिप्ट प्रॉपर्टीज’ आहेत तिथे ठेवायच्या आणि ‘प्रॉपर्टीज-सर्व्हिस’ने वाचायच्या. उद्या कुणाला मदतीसाठी कोड चिकटवून पाठवला तरी किल्ली त्यात जात नाही. प्रोजेक्टला एडिटचा हक्क असलेल्याला मात्र त्या दिसतात, हे ध्यानात असू द्या.

दार एकच: डू-पोस्ट

वेब ॲपला दोनच ठरलेली फंक्शनं असतात. पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की ‘डू-गेट’ चालतं, कुणी आकडे पाठवले की ‘डू-पोस्ट’. नाव लिहिताना ‘डू’ लहान लिपीत, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, मधे जागा नाही. यात एक अक्षर चुकलं तर फंक्शन सापडलं नाही अशी तक्रार येते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

आलेला मजकूर ‘ई’ या पॅरामीटरमध्ये असतो, त्याच्या ‘पोस्ट-डेटा’च्या ‘कन्टेन्ट्स’मध्ये. तो जेसन (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांत माहिती लिहायची पद्धत) म्हणून वाचायचा. माझ्याकडे प्रत्येक विनंतीत तीन गोष्टी असतात: टोकन (माणसाची ओळख पटवणारा गुप्त मजकूर), कामाचं नाव आणि आकडे. टोकन हेडरमध्ये, म्हणजे विनंतीला मजकुराबाहेर जोडलेल्या माहितीत, घालायचा मोह होईल, पण ॲप्स स्क्रिप्ट हेडर आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. टोकन मजकुरातच घ्यावं लागतं.

कामाच्या नावाबाबत फार काटेकोर राहा. माझ्या कोडमध्ये एक छोटा तक्ता आहे: ‘पट्टी’ आलं तर हे फंक्शन, ‘बाकी’ आलं तर ते, ‘रद्द’ आलं तर तिसरं. तक्त्यात नसलेलं काहीही आलं की ‘असं काम नाही’ एवढंच उत्तर. आलेल्या नावाचं फंक्शन शोधून थेट चालवायची युक्ती काही ठिकाणी शिकवतात. तीन ओळी वाचतात खऱ्या, पण मग कोणतं फंक्शन चालवायचं हे बाहेरचा माणूस ठरवतो.

डिप्लॉय करताना दोन चौकटी

डिप्लॉय म्हणजे कोड लोकांच्या वापरासाठी चालू करणं. वर उजवीकडे ‘डिप्लॉय’, मग ‘न्यू डिप्लॉयमेंट’, प्रकार ‘वेब ॲप’. इथे दोन प्रश्न विचारले जातात आणि सगळी किमया त्या दोन उत्तरांत आहे.

‘एक्झिक्युट ॲज’ला ‘मी’ निवडा. म्हणजे बटण कोणीही दाबो, स्क्रिप्ट तुमच्या खात्याच्या हक्कांनी चालते. दिवाणजींना नोंदीच्या शीटचा कसलाच हक्क नाही, तरीही नोंद होते, कारण नोंद तुमचं खातं करतं. ‘हू हॅज ॲक्सेस’ला ‘एनीवन’ की ‘एनीवन विथ गूगल अकाउंट’, हा दुसरा प्रश्न. लोक फक्त वेब पानावरून वापरणार असतील तर दुसरा पर्याय ठीक आहे. त्यांच्या शीटमधल्या बटणातून विनंती येणार असेल तर ‘एनीवन’च द्यावं लागतं, नाहीतर उत्तराऐवजी लॉगिनचं पान परत येतं.

पहिल्या वेळी गूगल परवानगी मागतं आणि ‘हे ॲप तपासलेलं नाही’ असा इशारा दाखवतं. ‘ॲडव्हान्स्ड’वर टिचकी मारून पुढे जायचं. हा इशारा फक्त तुम्हालाच दिसतो, कारण ॲप तुमच्या नावावर चालणार आहे. वेब पान वापरणाऱ्यांना वर एक पट्टी दिसते, हे ॲप गूगलने बनवलेलं नाही अशी. ती काढता येत नाही. आमच्या एका काकांनी ती वाचून फोन केला, “मॅडम, हे गूगलचं न्हाई म्हणतंय, दाबू का नको?” मी म्हटलं, “काका, माझं आहे, दाबा.” लोकांना हे आधी सांगून ठेवलं की असे फोन कमी येतात.

टोकन, आणि दुकान कोणतं हे कुणी ठरवायचं

‘एनीवन’ दिलं म्हणजे पत्ता ज्याच्या हाती लागला तो दार वाजवू शकतो. आणि ‘मी’ म्हणून चालवल्यावर समोर कोण आहे हे गूगल सांगत नाही. एकाच वर्कस्पेस डोमेनमधली (एका संस्थेच्या गूगल खात्यांवरची) माणसं असतील तर ‘सेशन’मधून ईमेल मिळतो, साध्या जीमेलवाल्यांचा रिकामा येतो. त्यामुळे ओळख आपणच पटवायची.

‘युटिलिटीज’चं ‘गेट-यूयूआयडी’ एक लांबलचक, अंदाज न करता येणारा मजकूर देतं. तो प्रत्येक माणसाला वेगळा द्यायचा. दुकानाला मिळून एकच दिला, तर नोकरी सोडून गेलेल्या एकासाठी सगळ्यांचं टोकन बदलावं लागतं. माझ्या खासगी शीटमध्ये टोकनांची यादी आहे: टोकन, दुकान, माणूस, चालू की बंद. कोणी सोडून गेला की त्याच्यापुढे ‘बंद’ लिहायचं, काम झालं.

इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये वारंवार हुकलेली बघते: दुकानाचं नाव विनंतीतून घ्यायचंच नाही. टोकन कुणाचं आहे ते यादीत बघायचं आणि दुकान तिथून उचलायचं. विनंतीत ‘दुकान: अमुक’ लिहून येत असेल आणि आपण त्यावर विश्वास ठेवत असू, तर शेजारच्या पेढीची बाकी बघायला एक शब्द बदलणं पुरे. कोड गुप्त आहे पण सगळ्यांची खाती उघडी, असा तो प्रकार होतो. स्क्रिप्ट तुमच्या हक्कांनी चालते, म्हणून समोरच्याचे हक्क तपासायचं काम आता गूगलचं नाही, तुमचं.

आकडेही तसेच तपासायचे. वजन आणि दर हे आकडे आहेत ना, शून्याहून मोठे आहेत ना, पोत्यांची संख्या पूर्णांक आहे ना. शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात विशेष लक्ष. ‘सेट-व्हॅल्यू’ला बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर दिला की तो फॉर्म्युला म्हणून बसतो, तोही तुमच्या खासगी शीटमध्ये. बाहेरच्या पत्त्यावर माहिती नेणारे फॉर्म्युले शीटमध्ये असतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. नाव बरोबरच्या चिन्हाने सुरू होत असेल तर मी विनंती सरळ नाकारते. अशा नावाचा शेतकरी अजून यार्डात आलेला नाही.

शेपटीला अंडरस्कोर

‘डू-गेट’मधून एचटीएमएल पान देत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. पान ब्राउझरमध्ये जातं, म्हणजे त्यातली प्रत्येक ओळ वापरणाऱ्याला दिसते. हिशेबाची एकही पायरी तिथे लिहायची नाही. पानात चौकटी, बटण आणि ‘गूगल-स्क्रिप्ट-रन’ने आपल्या फंक्शनला मारलेली हाक, एवढंच.

पण त्या हाकेला मर्यादा नसते. प्रोजेक्टमधलं वरच्या पातळीवरचं कोणतंही फंक्शन पानातून बोलावता येतं, तुम्ही बटण दिलेलं असो वा नसो. थोडं माहीत असलेला पोरगा ब्राउझरचा कन्सोल उघडून तुमचं ‘सगळ्या नोंदी पुसा’ हे फंक्शन चालवू शकतो. उपाय सोपा आहे: ज्या फंक्शनाच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर असतो ते खासगी ठरतं आणि पानातून चालत नाही. माझ्याकडे ‘डू-गेट’, ‘डू-पोस्ट’ आणि पानासाठीचं एक फंक्शन सोडून बाकी सगळ्यांच्या शेपटीला अंडरस्कोर आहे. त्या एका फंक्शनात टोकनाची तपासणी ‘डू-पोस्ट’मधल्यासारखीच करायची, पानातून आलंय म्हणून सूट नाही.

चूक झाल्याचा निरोपही कोड फोडतो. न पकडलेली चूक झाली तर ॲप्स स्क्रिप्ट फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक यांसकट निरोप दाखवतं. म्हणून ‘डू-पोस्ट’चं सगळं अंग ‘ट्राय’ आणि ‘कॅच’मध्ये, म्हणजे चूक झाली तर ती तिथेच पकडली जाते. खरा निरोप माझ्या नोंदवहीच्या शीटमध्ये जातो, समोर फक्त ‘पट्टी झाली नाही, तक्रार क्र. अमुक’. नोंदवहीत वेळ, माणूस, काम आणि निकाल एवढं लिहायचं. टोकन मात्र लिहायचं नाही.

सौद्यानंतरची झुंबड

सौदा संपला की सगळे दिवाणजी एकदमच पट्ट्या काढायला बसतात. दोन विनंत्यांनी एकाच क्षणी ‘शेवटचा पट्टी क्रमांक’ वाचला तर दोन शेतकऱ्यांच्या हातात एकाच क्रमांकाची पट्टी पडते. ‘लॉक-सर्व्हिस’मधून स्क्रिप्टचं कुलूप घ्या, क्रमांक वाचा, नोंद लिहा, ‘स्प्रेडशीट-ॲप’चं ‘फ्लश’ बोलवा, मग कुलूप सोडा. ‘फ्लश’ विसरलात तर लिहिलेलं शीटमध्ये उतरायच्या आत पुढचा आत शिरतो. कुलूप ‘फायनली’मध्ये सोडायचं, म्हणजे मधे चूक झाली तरी अडकून राहणार नाही. हिशेब कुलपाच्या बाहेर करा, आत फक्त क्रमांक आणि नोंद.

सगळं तुमच्या खात्यावर चालतंय, म्हणजे मर्यादाही तुमच्याच खात्याच्या. एक फेरी ६ मिनिटांत संपली पाहिजे. एका खात्याच्या एका वेळी ३० फेऱ्या चालतात. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच ईमेल जातो. पट्ट्या ईमेलने पाठवणार असाल तर हा शेवटचा आकडा सगळ्यात आधी टोचेल.

दिवाणजींच्या बाजूला काय द्यायचं

ज्यांना शीटच हवी असते त्यांच्या शीटमध्ये मी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट घालते. ती ओळीतले आकडे उचलते, ‘यूआरएल-फेच-ॲप’ने माझ्या पत्त्यावर पाठवते आणि उत्तर शेजारच्या रकान्यात लिहिते. ही स्क्रिप्ट त्यांनी खुशाल वाचावी, त्यात वाचण्यासारखं काही नाही. टोकन शीटमध्ये न लिहिता ‘युझर प्रॉपर्टीज’मध्ये ठेवते, म्हणजे शीटची नक्कल झाली तरी ते सोबत जात नाही. शीटवर चित्र काढून त्याला स्क्रिप्ट जोडली की बटण तयार. मोबाइलच्या शीट ॲपमध्ये असलं बटण चालत नाही, त्यामुळे यार्डात फोन घेऊन फिरणाऱ्यांना वेब पानच द्या.

उत्तरात काय परत करायचं यावर माझं मत ठाम आहे. कोड लपवायचा, हिशेब नाही. समजा ३० पोती, बारदान वजा जाऊन १५.४० क्विंटल, दर १४,२००. रक्कम होते २,१८,६८०. पोत्यामागे हमाली १२ आणि तोलाई ४ धरली तर ३६० आणि १२० वजा, हाती २,१८,२००. माझी स्क्रिप्ट नुसतं २,१८,२०० परत पाठवत नाही, यातली प्रत्येक ओळ पाठवते. शेतकरी पट्टी हातात घेऊन बोटाने ओळी मोजतो आणि कपात कुठली हे विचारतो. तेव्हा “कॉम्प्युटरनं काढलंय” हे उत्तर दिवाणजींच्या तोंडी यावं, असं मला वाटत नाही. नुसता शेवटचा आकडा मागणाऱ्या एका पेढीला मी नकार दिलेला आहे.

बदल करताना

डिप्लॉय झालं की दोन पत्ते मिळतात. ‘एक्झेक’ने संपणारा लोकांसाठी, त्यावर डिप्लॉय केलेली आवृत्तीच चालते. ‘डेव्ह’ने संपणारा शेवटचा जतन केलेला कोड चालवतो आणि ज्यांना प्रोजेक्टचा एडिट हक्क आहे त्यांनाच उघडतो. बदल आधी ‘डेव्ह’वर चालवून बघा, पण चाचणीसाठी नोंदीची शीट वेगळी ठेवा, नाहीतर खऱ्या वहीत ‘अआइई’ नावाचे शेतकरी सापडतील.

मग ‘मॅनेज डिप्लॉयमेंट्स’, पेन्सिलीचं चित्र, ‘व्हर्जन’मध्ये ‘न्यू व्हर्जन’, ‘डिप्लॉय’. पत्ता तोच राहतो. सवयीने ‘न्यू डिप्लॉयमेंट’ दाबलंत तर नवा पत्ता तयार होतो, जुन्यावर जुनाच कोड चालत राहतो आणि अर्ध्या दुकानांत नवे दर, अर्ध्यांत जुने.

“पान उघडत नाही” अशी तक्रार आली तर पहिला प्रश्न: ब्राउझरमध्ये एकाहून जास्त गूगल खाती चालू आहेत का? बहुतेक वेळा असतातच, मुलाचं एक, दुकानाचं एक. अशा वेळी वेब ॲप ‘फाइल उघडता येत नाही’ म्हणून हात वर करतं. इनकॉग्निटोमध्ये उघडलं की चालतं. कायमचा उपाय म्हणजे क्रोममध्ये दुकानासाठी वेगळं प्रोफाइल.

ज्यांच्याकडे स्वतःचा लिनक्स सर्व्हर आहे त्यांच्यासाठी जाता जाता: तिथेही फाइलवरचा ‘रीड’ काढून फक्त ‘एक्झिक्युट’ ठेवायचा डाव स्क्रिप्टला लागू पडत नाही. बॅश असो की पायथन, इंटरप्रिटर वापरणाऱ्याच्या हक्कांनीच फाइल वाचतो. कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमला तो डाव चालतो. ‘सेटयूआयडी’ बिट स्क्रिप्टवर लावलात तर लिनक्स तिकडे ढुंकूनही बघत नाही. स्क्रिप्ट वेगळ्या खात्याच्या मालकीची करा, वापरणाऱ्यांची एसएसएच किल्ली त्या खात्याच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये घाला, आणि किल्लीच्या ओळीच्या सुरुवातीला ‘कमांड’चा पर्याय देऊन तीच एक स्क्रिप्ट बांधून टाका. त्याच ओळीत ‘रिस्ट्रिक्ट’ही लिहा, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगची वाट बंद होते. आत येणारा काहीही टाइप करो, चालणार ते तुम्ही बांधलेलंच.

आणि हे सगळं रोजच्या जीमेल खात्यावर करू नका. माझं घरगुती खातं वेगळं, वेब ॲपचं वेगळं. त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावलंय, आणि त्याचे बॅकअप कोड छापून कपाटात ठेवलेत. ते खातं बंद पडलं तर स्क्रिप्ट आणि नोंदी दोन्ही एकदम अडकतात. म्हणून दर शनिवारी नोंदीच्या शीटची एक्सेल प्रत मी प्रत्येक दुकानाला पाठवते, त्याच्या त्याच्या पट्ट्यांपुरती.